७० हजारांची सूट आणि ३१ तारखेची घाई

पत्र खानापूर तालुक्यातून आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. लिहिणारे ३६ वर्षांचे, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, रोज बाईकवरून खानापूर रोडनं ये-जा. घरी बायको, ७ आणि ३ वर्षांची दोन मुलं, आई, आणि मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले वडील. घरातली पहिलीच गाडी घ्यायची आहे आणि ती डिकीवालीच पाहिजे, कारण गावाकडनं तांदळाची पोती, लग्नकार्य, पाहुणे हे कायमचं. जुलैमध्ये एका शोरूममधनं एका छोट्या सेडानचं कोटेशन घेतलं होतं, एक्स-शोरूम ८ लाख २०. तेव्हा पैसे जमले नाहीत. मधल्या काळात कंपनीनं त्याच गाडीचं नवीन मॉडेल काढलं आणि आता शोरूमवाला म्हणतोय की जुन्या मॉडेलची शेवटची एक गाडी शिल्लक आहे, वरच्या व्हेरियंटची, ७ लाख ५० ला देतो, म्हणजे सरळ ७० हजार डिस्काऊंट, पण ३१ डिसेंबरच्या आत बिल झालं पाहिजे. नवीन मॉडेलमध्ये तेवढ्याच फीचरची गाडी ८ लाख ३५ ला आहे. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. वडील म्हणतात पडून राहिलेला माल घेऊ नको, उद्या पार्ट मिळणार नाहीत, आणि धनुर्मासात तर गाडी नकोच. बायको म्हणते नवीन मॉडेल सेफ आहे म्हणतात, मुलं बसणार आहेत. कोल्हापूरचा मेहुणा म्हणतो कुठलीही घ्या पण माझ्या पत्त्यावर कोल्हापूर पासिंग करा, टॅक्समध्ये तीसेक हजार वाचतात. मित्र म्हणतात जुनं मॉडेल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर चालत नाही. "चांगली ऑफर हातची जाईल असं वाटतंय आणि घेतली तर लोक म्हणतील जुनी गाडी घेतली. काय करू?"

तुमचं पत्र मी नीट वाचलं आणि पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले, कारण मला ते ८ लाख २० आणि ७ लाख ५० हे आकडे खटकले. तुमचं जुलैचं कोटेशन आहे ना, तेव्हा चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस असा २९ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला, सेस गेला. आता तुमच्या गाडीचं करा. ८ लाख २० हजारातनं २९ टक्के कर बाजूला काढला तर मूळ किंमत राहते ६ लाख ३५ हजार ६५९. तिच्यावर १८ टक्के लावा. ७ लाख ५० हजार ७८ रुपये येतात.

म्हणजे शोरूमवाला ज्याला ७० हजाराचा डिस्काऊंट म्हणतोय ती सरकारनं केलेली करकपात आहे, ती तुम्हाला कुठल्याही शोरूममध्ये, कुठल्याही तारखेला मिळायलाच पाहिजे, त्यासाठी ३१ डिसेंबर लागत नाही आणि जुनं मॉडेलही लागत नाही. सेल्समनच्या मनात खोट असेलच असं मी म्हणत नाही, कदाचित तुम्हीच जुलैचा कागद पुढे केला असेल आणि त्यानं वजाबाकी करून सांगितली असेल. पण तुम्ही ज्या ऑफरच्या जिवावर झोप घालवून बसलाय, त्या ऑफरमध्ये शोरूमनं स्वतःच्या खिशातनं किंवा कंपनीनं तिच्या खिशातनं काय दिलंय ते अजून तुम्हाला माहीतच नाही, आणि बहुतेक काहीच दिलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा की फोनवर न विचारता शोरूमला जाऊन आजच्या तारखेचं, छापील लेटरहेडवरचं कोटेशन मागा, त्यात आजची एक्स-शोरूम किंमत वेगळी, कॅश डिस्काऊंट वेगळा, रोड टॅक्स वेगळा, इन्शुरन्स वेगळा, असं ओळीनं लिहून पाहिजे. डिस्काऊंटचा एकच मोठा आकडा सांगतात तेव्हा त्यात एक्स्चेंज बोनस धरलेला असतो जो जुनी गाडी दिली तरच मिळतो, तुमच्याकडं बाईक आहे, गाडी नाही. कॉर्पोरेट डिस्काऊंट धरलेला असतो जो ठरावीक कंपन्यांच्या लोकांना मिळतो, तुमच्या मशीन शॉपला लागू आहे का विचारा. आणि पाच-दहा हजाराच्या मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप पण डिस्काऊंट म्हणून मोजतात. हे सगळं वजा करून जो कॅश डिस्काऊंट उरतो तेवढाच तुमचा. "हँडलिंग चार्जेस" म्हणून काही लावलं असेल तर ते कशाबद्दल ते विचारा आणि द्यायला नकार द्या, तो सरकारी खर्च नाही.

३१ तारखेचं सांगते. डिसेंबरची घाई ही शोरूमची असते. १ जानेवारी उजाडली की ती यार्डातली गाडी एका रात्रीत "मागच्या वर्षीची" होते, उत्पादनाचं वर्ष आरसीवर छापलेलं असतं ते बदलता येत नाही, आणि त्यावर नवीन मॉडेलही आलेलं. अशी गाडी जानेवारीत सांभाळत बसणं कुठल्या डीलरला परवडत नाही. कंपन्या जानेवारीत किमती वाढवतात हे खरं आहे, पण ते नवीन मालाला जास्त लागू पडतं, बंद झालेल्या मॉडेलच्या शेवटच्या गाडीला कोण भाव वाढवून घेणार? वडील धनुर्मासात नको म्हणतात ते तुम्हाला अडचण वाटतीय, मला तर ती सोय वाटते. संक्रांतीनंतर घेतो म्हणून शांतपणे सांगा आणि बघा भाव किती खाली येतो. तोपर्यंत ती गाडी दुसऱ्यानं नेली तर नेली. पहिल्या गाडीसाठी इतकी वर्षं थांबलात, अजून तीन आठवडे थांबल्यानं काही बिघडत नाही.

आता वडिलांचा मुद्दा. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, मॉडेल जुनं असणं आणि ती एक गाडी पडून राहिलेली असणं. या दोन वेगळ्या आहेत आणि पहिलीला घाबरायचं कारण नाही. जे मॉडेल सहा-सात वर्षं रस्त्यावर आहे त्याचे काय दुखणे आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, कंपनीनं त्यातले बरेच दुरुस्तही केलेले असतात, आणि उद्यमबागेतला, खानापुरातला कुठलाही मेकॅनिक ती गाडी डोळे झाकून खोलतो. नवीन मॉडेल म्हणजे प्रत्येक बाबतीत वरचढ असंही नसतं. मारुतीच्या डिझायरचंच बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन आली तेव्हा चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं आलं, मायलेज वाढलं पण जुन्या इंजिनचा मऊपणा आवडणारे लोक आजही जुनीच चांगली होती म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पार्टचं म्हणाल तर मॉडेल बंद होणं वेगळं आणि कंपनीच देशातनं जाणं वेगळं. शेवरोलेनं २०१७ मध्ये इथं गाड्या विकणं थांबवलं, फोर्डनं २०२१ मध्ये, त्या गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांना पार्टसाठी शोधाशोध करावी लागते हे वडिलांनी गावात कुणाचं तरी बघितलं असणार. तुमची कंपनी इथंच आहे, नवीन मॉडेल विकतीय, इंजिन-गिअरबॉक्स-सस्पेन्शनचे बरेच पार्ट तिच्या दुसऱ्या गाड्यांनाही तेच असतात. वेळ लागतो तो पुढं सहा-आठ वर्षांनी हेडलाईट, बंपर, दरवाज्याच्या आतलं प्लॅस्टिक अशा त्या मॉडेलपुरत्या वस्तूंना. आणि ज्या मॉडेलच्या टॅक्स्या बेळगाव स्टँडवर उभ्या दिसतात त्याचे पार्ट दहा वर्षं कुठं जात नाहीत.

ई-२० ची भीती मित्रांनी उगाच घातलीय. आपल्या चिकोडी-अथणी-गोकाकच्या कारखान्यांतल्या उसाचंच इथेनॉल त्या पेट्रोलमध्ये जातंय आणि आपल्याच भागात त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. मॉडेल पहिल्यांदा कधी बाजारात आलं याला इथं महत्त्व नाही, तुमची गाडी कधी तयार झाली याला आहे. एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे रबर-पाईप, सील ई-२० सोसतील असेच बनवलेत. तुमची गाडी २०२५ ची असेल तर हा विषय संपला. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बघून घ्या.

दुसऱ्या गोष्टीत मात्र वडील बरोबर आहेत, आणि फौजेत गेलेल्या माणसाची नजर इथं कामाला येईल, त्यांना सोबत घेऊनच जा. शोरूममध्ये काचेमागं उभी असलेली गाडी बघून सही करू नका, जी गाडी तुम्हाला मिळणार आहे तीच यार्डात जाऊन, दिवसा उजेडी, बघायची. चॅसी नंबर लिहून घ्या आणि तोच नंबर कोटेशनवर टाकायला लावा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारा, सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म २१ वर ते येतंच, तेव्हा आत्ताच सांगायला त्यांना काही अडचण नाही. गाडी मे महिन्यात तयार झालेली निघाली तर तिनं आपल्याकडचा अख्खा पावसाळा उघड्या यार्डात काढलाय असं धरून चला, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे काय ते खानापूरच्या माणसाला मी काय सांगू.

टायरवर बाजूला चार आकडे कोरलेले असतात, १८२५ असेल तर २०२५ च्या १८ व्या आठवड्यातला टायर, पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. मागच्या सीटचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, आत गुंडाळलेल्या भागावर बुरशीचे काळे ठिपके किंवा मातीची रेघ दिसली तर पाणी किंवा ओल आत गेलेली आहे. पुढची सीट मागं सरकवून खालच्या रुळावर गंज आहे का बोट फिरवा. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. बॉनेट उघडून वायरींवरचं काळं आवरण कुठं कुरतडलंय का बघा, यार्डात उंदीर असतातच आणि पहिला हल्ला वायरीवर करतात. एसी लावून पाच मिनिटं बसा, कुबट वास आला तर तो "सर्व्हिसिंगला जाईल" यावर विश्वास ठेवू नका. ब्रेकच्या डिस्कवर वरवरचा तांबूस गंज असेल तर घाबरू नका, तो चार ब्रेक मारले की जातो. बॅटरी सात-आठ महिने नुसती पडून असेल तर नवीन घालून द्या म्हणायचं, आणि ते द्यायला तयार असतात कारण त्यांनाही माहीत असतं. गाडीची वॉरंटी तुम्हाला डिलिव्हरी मिळाल्यापासून मोजतात, तयार झाल्यापासून नाही, हे एक बरं आहे, फक्त वॉरंटी बुकात विक्रीची तारीख बरोबर टाकलीय का बघा.

आता बायकोचं म्हणणं. पत्रात तुम्ही त्यांना एक ओळ दिलीय आणि मेहुण्याला पाच, पण मला विचाराल तर अख्ख्या घरात नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय.

"नवीन मॉडेल सेफ आहे म्हणतात" यातलं "म्हणतात" काढून टाकता येतं, कारण हे तपासता येतं. छोट्या सेडानमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात मोठा फरक पडलाय तो इथंच. गाड्या धडकवून सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टेस्टमध्ये नवीन डिझायरला मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४ स्टार मिळाले. जुन्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या होंडा अमेझला २०१९ मध्ये मोठ्यांसाठी ४ स्टार होते आणि त्याच पिढीच्या गाडीला २०२४ मध्ये मोठ्यांसाठी २ आणि मुलांसाठी ० मिळाले. गाडी एवढी बिघडली का? नाही, २०२२ पासून टेस्टच कडक झाली, बाजूनं धडक, घसरती गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा असं सगळं मोजायला लागले. म्हणून सेल्समन जर म्हणाला की आमच्या जुन्या मॉडेलला पण ४ स्टार आहेत, तर पुढचा प्रश्न हा विचारायचा की कुठल्या वर्षीच्या टेस्टमध्ये. स्टारला वर्ष असतं. २०२२ च्या आधीचा स्टार आणि नंतरचा स्टार एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत. आपल्याकडं ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही चालू झालंय, तिथं तुमच्या दोन्ही मॉडेलचं नाव आहे का बघा.

दोन एअरबॅग २०२२ पासून सगळ्याच गाड्यांना सक्तीच्या आहेत, सहा सक्तीच्या नाहीत. त्यामुळं जुन्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्येसुद्धा दोनच असू शकतात, आणि नवीन डिझायर किंवा नवीन अमेझसारख्या गाड्यांत सगळ्यात खालच्या व्हेरियंटलाही सहा असतात. तुम्ही शोरूमला गेलात की मागच्या सीटवर स्वतः बसा, मधल्या जागेवर, आणि तिथला पट्टा खांद्यावरनं येतोय की नुसताच कमरेवरचा आहे ते बघा. सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सचे लोखंडी हूक चाचपा, तीन वर्षांच्या मुलाची सीट त्यालाच अडकते. ईएससी आहे का विचारा, ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागली की ते सावरतं, चोर्ला घाटात किंवा तवंदीच्या उतारावर पावसात याची किंमत कळते.

आणि एक गोष्ट मला विचारलीच पाहिजे. तुम्ही घरात सहा जण आहात. गाडी पाच सीटची आहे. देवाला जाताना, लग्नाला जाताना धाकटं पुढं बायकोच्या मांडीवर बसणार, असं मनात धरलंय का? आपल्याकडं सगळेच असं करतात म्हणून ते मनात येतही नाही. पण पुढच्या सीटवर मांडीवरचं मूल आणि समोर उघडणारी एअरबॅग यांच्यामध्ये काहीच नसतं, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली हजार रुपये दंडही आहे. दंड जाऊ दे. सहाही जणांनी एकदम जायचं वर्षात किती वेळा होणार ते तुम्हीच घरात बसून मोजा. चार-पाच वेळा असेल तर त्या दिवशी भाड्यानं मोठी गाडी करा, हरकत नाही. दर रविवारी असेल तर डिकीवालीचाच विचार परत करावा लागेल, सात सीटची एखादी सेकंडहँड बघावी लागेल, आणि मग हे जुनं मॉडेल की नवीन हा वादच राहत नाही.

समजा सेडानच घ्यायचीय. मग तुमच्या पत्रात एक पर्याय अजिबातच नाही तो मी टाकते. तुम्ही जुन्या मॉडेलचा वरचा व्हेरियंट आणि नवीनचा वरचा व्हेरियंट यांची तुलना केलीय, ७.५० आणि ८.३५. नवीन मॉडेलचा खालनं दुसरा व्हेरियंट कितीला आहे ते विचारलंत का? बऱ्याचदा तो जुन्याच्या वरच्या व्हेरियंटच्या आसपासच येतो. त्यात मोठा टचस्क्रीन नसेल, अलॉय नसतील, रिव्हर्स कॅमेरा नसेल. पण स्क्रीन, कॅमेरा, अलॉय हे सगळं पुढच्या दिवाळीला बोनसमधनं बसवता येतं. एअरबॅग आणि गाडीचा सांगाडा नंतर बसवता येत नाही. वरच्या व्हेरियंटचा मोह आपल्याला सगळ्यांना होतो, पाहुण्यांना दाखवायला तेच असतं, पण पैसे कमी असतील तेव्हा जे नंतर घालता येतं ते सोडायचं.

आणि फरक किती पडतोय तोही बघू. ८५ हजार एक्स-शोरूमचा फरक, कर्नाटकात ५ ते १० लाखाच्या गाडीला १४ टक्के लाईफटाईम टॅक्स, म्हणजे त्याचे ११,९००, वर सेस, इन्शुरन्सचे थोडे, असा ऑन-रोड साधारण १ लाखाचा फरक धरा. लोननं घेतला तर ९ टक्क्यांनी ५ वर्षं, महिन्याला २,०७५ च्या आसपास हप्ता. सुपरवायझरच्या पगारात हे दोन हजार कुठनं काढायचे ते तुम्हालाच माहीत, मी इथं बसून "फक्त दोन हजार" म्हणणार नाही. पण गाडी तुम्ही किती वर्षं ठेवणार यावर हे सगळं अवलंबून आहे आणि पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडं पहिली गाडी माणसं आठ-दहा वर्षं वापरतात, तोवर ती इतकी वापरलेली असते की विकताना मॉडेल जुनं होतं का नवीन यानं फार फरक राहत नाही, गाडी कशी सांभाळली ते बघतात. तसं असेल तर जुनं मॉडेल स्वस्तात घेणं हा शहाणपणाचा सौदा होऊ शकतो. पण चार वर्षांत विकून मोठी घ्यायची असा बेत असेल तर विकताना घेणारा पहिलं हेच म्हणणार की हे बंद झालेलं मॉडेल आहे आणि उत्पादन २०२५ चं, पासिंग २०२६ चं, आणि तुम्ही आज वाचवलेले पैसे तो त्या दिवशी काढून घेणार.

मेहुण्यांचं. आकडा त्यांचा बरोबर आहे, महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, ७.५० लाखावर ८२,५००, आपल्याकडं १,०५,००० आणि वर सेस, म्हणजे तीसेक हजाराचा फरक पडतोच. सीमाभागात अर्ध्या गल्ल्यांत कोल्हापूर पासिंगच्या एमएच-०९ गाड्या उभ्या आहेत तेही मला दिसतं. पण तुम्ही राहता खानापुरात, काम करता बेळगावात. गाडी जिथं ठेवता तिथं नोंदवायची असा कायदा आहे आणि दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली तर कलम ४७ नुसार इथं परत नोंदणी करावी लागते, म्हणजे इथला टॅक्स भरायचा, कोल्हापूर आरटीओची एनओसी आणायची, तिथला भरलेला टॅक्स परत मिळवायला अर्ज-चकरा. रोज उद्यमबागेला जाणारी गाडी एक ना एक दिवस तपासणीला थांबवली जाणारच. त्यात गाडी मेहुण्यांच्या पत्त्यावर, कदाचित त्यांच्याच नावावर, मग लोन कुणाच्या नावावर, अपघात झाला तर इन्शुरन्सचा क्लेम कोण करणार, उद्या विकायची झाली तर सही कुणाची. तीस हजारासाठी नात्यात हा गुंता नको. सरळ बेळगावचं केए-२२ पासिंग घ्या. त्यांनी प्रेमानंच सांगितलंय, त्यांना तसंच प्रेमानं नाही म्हणा.

त्यापेक्षा घरातच एक रस्ता आहे त्याकडं तुमचं लक्ष गेलेलं नाही. वडील माजी सैनिक आहेत, मिलिटरी कॅन्टीनमधनं गाडी घेता येते, करात सवलत मिळते. हुद्द्याप्रमाणं किमतीची आणि इंजिनची मर्यादा असते, ठरावीक मॉडेलच यादीत असतात, कागदपत्रांना काही आठवडे जातात आणि गाडी वडिलांच्या नावावर होते. हे त्यांना चालत असेल तर कॅम्पातल्या कॅन्टीनमध्ये आजची यादी आणि त्यांची पात्रता दोन्ही विचारून या, शोरूमला जायच्या आधी.

इन्शुरन्स शोरूममधनंच घ्यायची सक्ती नाही, बाहेरनं दोन कोटेशन घ्या. नवीन गाडीला थर्ड पार्टी ३ वर्षांचा आणि स्वतःच्या नुकसानीचा १ वर्षाचा असतो. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेला गाडीच्या किमतीचा आकडा, एक्स-शोरूमच्या ९५ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, बंद मॉडेल आहे म्हणून तो कमी दाखवलाय का बघा, हप्ता स्वस्त दिसतो पण गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर तेवढेच पैसे मिळतात.

"लोक म्हणतील जुनी गाडी घेतली" हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, मला वाटतं मनात ते पहिलं आहे. घरातली पहिली गाडी आहे, दारात उभी राहिल्यावर चार लोकांनी चांगलं म्हणावं असं वाटणं यात काही वावगं नाही, मी ते झटकून टाकायला सांगणार नाही. पण लोक पूजेच्या दिवशी बघतात, पेढे खातात आणि जातात. गाडीत रोज बसणारे तुम्ही सहा जण आहात, त्यांचं ऐका.

माझं मत स्पष्ट सांगते. आज जी ऑफर आहे, ७ लाख ५० ला, ती घेऊ नका, त्यात सूटच नाही. त्या गाडीत दोनच एअरबॅग असतील आणि मागं मधे कमरेचा पट्टा असेल तर ५० हजार अजून कमी केले तरी घेऊ नका, तीन वर्षांचं आणि सात वर्षांचं मूल मागं बसणार आहे. सहा एअरबॅग, तिन्ही पट्टे, ईएससी सगळं असेल, गाडी यार्डात स्वच्छ निघाली, तुम्ही ती आठ वर्षं तरी ठेवणार असाल आणि नवीन मॉडेलशी ऑन-रोड फरक दीड लाखाच्या वर गेला, तर बिनधास्त घ्या, वडिलांची समजूत मी सांगितलेल्या कारणांनी घाला. या दोन्हींच्या मधे कुठं अडकलात तर नवीन मॉडेलचा खालचा व्हेरियंट. असाच प्रश्न असलेली अजून तीन-चार पत्रं माझ्याकडं आहेत, निपाणीचं एक, हुक्केरीचं एक, त्यांनाही हेच सांगेन, फक्त ज्यांच्या घरात लहान मुलं नाहीत आणि गाडी गावातल्या गावातच फिरणार आहे त्यांनी जुन्या मॉडेलकडं जरा जास्त मोकळ्या मनानं बघावं.

आता या आठवड्यात एवढंच करा. शनिवारी अर्धी सुट्टी असेल तर बायको आणि वडील दोघांनाही घेऊन शोरूमला जा, जुन्या गाडीचं, नवीनच्या वरच्या व्हेरियंटचं आणि नवीनच्या खालच्या व्हेरियंटचं अशी तीन कोटेशनं घ्या, तिन्ही आजच्या तारखेची, ऑन-रोड. ॲडव्हान्स देऊ नका, पाच हजारसुद्धा नको. तिन्ही कागदांचे फोटो आणि त्या जुन्या गाडीच्या उत्पादनाचा महिना मला पाठवा, संक्रांतीच्या आत आकडे बघून उत्तर देते.